परत आलेला तागा

"आकडा मोठा दिसला म्हणून घाबरायचं नाही, ताई," नर्स म्हणाली आणि तिने रिपोर्टावर बोट ठेवलं. "पांढऱ्या पेशी अडुसष्ट हजार. असायला हव्यात चार ते अकरा हजार. पण हा आकडा किती महिन्यांत दुप्पट झाला, ते बघायचं. सहा महिन्यांच्या आत झाला, तर आपण धावाधाव करू."

"आणि हे शहाऐंशी टक्के?"

"त्या लिम्फोसाइट, पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार. तुमच्या ल्युकेमियात वाढतात त्या ह्याच. खाली हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट. ते घसरायला लागले की औषधाचं बघायचं. तोवर दर तीन महिन्यांनी रक्त द्या आणि पोटभर जेवा."

भिंगबाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं. कापडगिरणीत त्या सव्वीस वर्षांपासून तपासनीस होत्या. भिंगाखाली एका इंचात किती धागे बसतात ते मोजायचं आणि ताग्यावर आपल्या नंबराचा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. नावही त्यातूनच पडलेलं. आजाराचं नाव ऐकून त्या पंधरा दिवस घरात नुसत्या बसून होत्या. आकडे समजायला लागले तशी भीती जरा मागे सरली आणि तिच्या जागी एकच प्रश्न येऊन बसला. हे सुरू कधी झालं?

गिरणी दरवर्षी सगळ्यांचं रक्त तपासून घ्यायची. कामगाराच्या हाती मात्र नुसतं कार्ड यायचं, त्यावर 'कामास योग्य' असा डॉक्टरचा शिक्का. हॉस्पिटलला हवेत असं सांगून बाईंनी ऑफिसातून मागचे तीन रिपोर्ट मिळवले. चौदा हजार दोनशे, तेवीस हजार सहाशे, एक्केचाळीस हजार. प्रत्येक आकड्यापुढे मशीननेच फुली मारलेली होती आणि प्रत्येकाखाली तोच शिक्का आणि डॉक्टरची झोकदार सही होती. आलेखाच्या कागदावर तीन ठिपके जोडताना बाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

ह्या तीन वर्षांत त्या चारदा त्याच्याकडे गेल्या होत्या. पाय उचलत नाहीत, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येते. तो मान वर न करता म्हणायचा, "वय झालं, बाई. वजन उतरवा." मुकादमाकडे बसायला स्टूल मागितलं, तर त्याने सगळ्या मुलींसमोर कार्ड नाचवलं. योग्य म्हणून लिहिलंय की, मग नखरे कशाला?

"खेच त्याला कोर्टात," नवरा म्हणाला. पण हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी खरं ते सांगितलं. तीन वर्षांपूर्वी कळलं असतं तरी औषध दिलं नसतं, अशीच वाट बघितली असती. नवऱ्याचा आवाज खाली आला. "म्हणजे त्याने तुझं तसं काही बिघडवलं नाही म्हणायचं." त्यावर बाईंच्या अंगाचा असा तिळपापड झाला, की त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला जेवण वाढलंसुद्धा नाही.

शनिवारी दुपारी त्या गिरणीच्या डॉक्टरच्या खोलीत गेल्या. आलेख टेबलावर ठेवला, शेजारी पत्राची प्रत. पत्र कारखाना निरीक्षकाच्या नावे होतं आणि त्यात त्या त्याच्याकडे गेल्या त्या चारही तारखा होत्या. डॉक्टरने दोन्ही वाचलं, चष्मा काढला, पुसला.

"बाई, लवकर कळून काही फरक पडला नसता. विचारा तुमच्या हॉस्पिटलात."

"विचारलं. बरोबर बोलताय."

त्याचे खांदे सैल पडले.

"पण मला स्टूल मिळालं असतं," बाई म्हणाल्या. "आणि तीन वर्षं मी स्वतःला कामचोर समजले नसते."

कपाटावर ह्या वर्षीच्या रिपोर्टांचा गठ्ठा होता, दोनशे बारा, सगळ्यांवर शिक्के मारून झालेले. बाईंनी तो उचलून त्याच्यापुढे ठेवला.

"आमच्याकडे तागा परत आला की शिक्क्यावरचा नंबर बघतात. ज्याने पास केला, त्यानेच तो सगळ्यांसमोर पुन्हा उलगडायचा, पहिल्या वारापासून. मी दोनदा उलगडलाय. लाज वाटते, पण उलगडावा लागतो. वाचा. मोठ्याने."

त्याने पत्राकडे बघितलं आणि पहिला रिपोर्ट घेतला. वाचता वाचता त्याचा घसा सुकला. पाण्याचा तांब्या बाईंच्या हाताशी होता. त्यांनी तो दिला नाही. फुली आली आणि तो घाईने पुढे गेला, की बाई म्हणायच्या, "मागे या." एवढ्या मोठ्या माणसाला मागे यायला लावण्यात त्यांना मजा येत होती, आणि ती त्यांनी लपवलीही नाही.

चौऱ्याण्णवाव्या कागदावर तो आपणहून थांबला.

"हिमोग्लोबिन पाच पूर्णांक आठ. असायला हवं बारा. ही पॅकिंगमधली मुलगी... कामावर येतेय?"

"येते. जिन्यात मध्येच बसते. आम्ही तिला महाराणी म्हणतो."

बोलून झाल्यावर बाईंना ते ऐकू आलं, अगदी मुकादमासारखं. डॉक्टरने पेन घेऊन शिक्क्यावर काट मारली, फोन उचलला आणि तिला आत्ताच्या आत्ता पाठवायला सांगितलं. फोन ठेवल्यावर त्याच्या चेहऱ्यावर थोडी उभारी आली होती.

"बरं झालं तुम्ही आलात. आता हे पत्र... आपल्यातच राहू दे."

"ते सकाळीच टपालात टाकलं," भिंगबाई म्हणाल्या. "ही प्रत आहे. पुढचा वाचा."

त्याने प्रत बाजूला सरकवली. मग त्याने पंच्याण्णवावा कागद उचलला. आता जीव थंड होईल असं बाईंना वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. एका कागदावर थांबून फोन उचलायला ह्या माणसाला मिनिटसुद्धा लागलं नव्हतं, हेच त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.