दहावा बोकड

आबांनी बोकडाच्या कमरेवर बोटं रोवली, दुसरा हात छातीखाली घालून त्याला वीतभर उचललं आणि खाली सोडलं.

"साडेबावीस."

सुनेने बोकड झोळीत घातला. झोळी अंगणातल्या आडव्या दांडीला टांगलेल्या काट्याला अडकवली होती. आकडे थोडे नाचले आणि बावीस किलो चारशेवर थांबले.

"वाच," आबा म्हणाले. "मोठ्याने वाच. घरात तर तुझा आवाज बरा चढतो."

तिने आकडा वाचला. हा सहावा होता, आणि सहाही बरोबर आले होते.

पंचवीस वर्षं या वस्तीतलं एकही जनावर आबांचा हात पाठीवर पडल्याशिवाय बाहेर गेलं नव्हतं. वजन तेच सांगत, भाव तेच करत आणि पैसे मोजून दोरही तेच ओढून नेत. मग घरात ही सून आली, जनावरांचं शिकलेली. तिने दारोदार फिरून शेळ्यांना जंताचं औषध पाजलं, लशी टोचून घेतल्या, चारा वाळवून ठेवायला शिकवलं. करडं भराभर वाढू लागली. इथवर आबांची काही तक्रार नव्हती, कारण बोकड वाढला काय नि खंगला काय, जाणार त्यांच्याच हाताखालून. पण पंधरा दिवसांपूर्वी तिने हा काटा आणला. वर शनिवारी वजनावर माल उचलणारी गाडी थेट वस्तीत बोलावली. घरचा भेदी म्हणतात तो दुसरा कसा असतो? तेव्हापासून भांडण सोडून सासरा आणि सून एकमेकांशी बोलत नव्हते. मीठ हवं असलं तरी आबा मुलाकडे बघून मागत.

पैज आबांनीच लावली होती, चारचौघांत. दहा जनावरं, दहा घरांतली. एकातही अर्ध्या किलोहून जास्त फरक पडला, तर पुन्हा कुणाच्या दावणीला हात लावणार नाही. नाही पडला, तर सूनबाईंनी आपला हा काट्याचा झोपाळा गुंडाळायचा आणि गाडीला नको म्हणून कळवायचं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" आबांची धाकटी बहीण तेव्हा म्हणाली होती. पलीकडच्या गल्लीत ती एकटी राहायची, चार शेळ्यांवर. "माझ्या दादाचा हात पुरे आहे." त्या दिवशी आबांच्या बाजूने बोललेली ती एकटीच.

सातवा बरोबर आला. आठवा तर तंतोतंत. पहिल्या दोन-तीन वेळा लोकांनी वाहवा केली होती, ती आता कुणी करत नव्हतं. कोपऱ्यातला सुतार नुसता आबांच्या हातांकडे बघत होता. हरायला लागले की माणसांची तोंडं अशीच होतात, असं आबांना वाटलं आणि बरं वाटलं. नववा तोलताना त्यांनी डोळेही मिटून घेतले. तोही बरोबर निघाला.

सुनेने वही गुडघ्यावर ठेवली. तिचा चेहरा पडला होता. गाडी गेली तर वर्षभराची पायपीट वाया जाणार, हे तिच्याइतकंच आबांनाही ठाऊक होतं.

"दहावा आणा रे," ते म्हणाले.

बहीण पुढे आली. तिच्या हातात तांबड्या बोकडाचा दोर होता.

"जुळ्यातला मागे राहिलेला," ती हसून म्हणाली. "थोरला गेल्या महिन्यात तूच नेलास ना, दादा? हा त्याच्यापेक्षा बारीक, म्हणून ठेवला होता."

आबांनी बोटं रोवली, बोकड वीतभर उचलला आणि तसाच धरून ठेवला.

हाताने वजन केव्हाच सांगितलं होतं. साडेसव्वीस. महिन्याचे तीन किलो वजा केले तरी साडेतेवीस, आणि हा तर दोघांतला बारीक होता. गेल्या महिन्यात बहिणीच्या दारात थोरल्याच्या पाठीवरून हात फिरवून ते 'एकोणीस' म्हणाले होते, आणि तिने वर पाणीही आणून दिलं होतं.

"दमलास का?" बहिणीने विचारलं.

आबांना लाज वाटली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच असेल. एक आकडा बोलला की झोपाळा उतरणार होता, धंदा वाचणार होता, पण ते 'एकोणीस' मुद्दाम सांगितलं होतं हेही बहिणीला कळणार होतं. त्यांनी बोकड खाली ठेवला.

"वीस," ते म्हणाले.

सुनेने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं आणि बोकड झोळीत घातला. आकडे थांबले, ते तिने वाचले नाहीत, नुसते वहीत लिहिले. बहिणीने स्वतःच काट्याजवळ जाऊन पाहिलं. लिहिता-वाचता येत नसलं तरी आकडे तिला कळत.

"नऊ परक्यांचे बरोबर आले," ती म्हणाली. "माझ्याच बोकडाला हात चुकला होय रे?"

"चुकतो एखादे वेळी."

"हो. गेल्या महिन्यातही चुकला असेल मग."

आबांनी धोतराला हात पुसले. मग पुन्हा पुसले. बहिणीने झोळीतून बोकड उतरवला, दोर सुनेच्या हातात दिला आणि भावाकडे पाठ करून उभी राहिली.

"वाच गं पोरी," ती म्हणाली. "मोठ्याने वाच."

सुनेने वहीतून वाचलं, सव्वीस किलो सहाशे. या वेळी तिचा आवाज चढला नाही.