वाईट बातमी बंद

जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी कॉलेजच्या खेळ विभागाचा संचालक ड्वाइट हॅनराटी स्वतःच्या पायांनी चालत पोहण्याच्या तलावावर आला, तेव्हाच कोच लॉर्ना पेट्रुसेकच्या मनात पाल चुकचुकली. पंधरा वर्षांत हा माणूस तलावाकडे तीनदा फिरकला होता, आणि त्यातही दोनदा बॉयलर बंद पडला म्हणून.

"दार लावून घेऊ का?" त्यानं केबिनमध्ये येत विचारलं.

"लाव. आणि बसही. वाईट बातमी उभ्यानं सांगू नये."

तो बसला आणि एका दमात सांगून मोकळा झाला. विभागाला वर्षाला चाळीस लाख डॉलरचा खड्डा पडत होता. कॉलेजात मुलंच कमी येऊ लागली, तसा त्यांच्या फीमधून खेळांना मिळणारा वाटा आटला. वर आता फुटबॉल-बास्केटबॉलच्या खेळाडूंना रोख पैसे द्यायची पद्धत पडली होती. न द्यावेत तर चांगली मुलं दुसरीकडे पळत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून मुलींचं पोहणं बंद. दहा मार्चला विश्वस्तांची बैठक, त्याच दिवशी जाहीर.

"आणि फुटबॉल?"

"फुटबॉल पैसे आणतं, लॉर्ना."

"आणतं तर! सप्टेंबरात त्या मोठ्या युनिव्हर्सिटीत जाऊन एकोणसाठ-शून्यनं मार खाल्ला, त्याचे त्यांनी दिलेले चौदा लाख. मार खायची मजुरी ती. आणि तुम्ही हाकललेला फुटबॉलचा कोच अजून दोन वर्षं घरी बसून पगार घेणार आहे. तेवढ्यात माझी अख्खी टीम वर्षभर पोहते, ठाऊक आहे ना?"

ड्वाइट टेबलावरच्या स्टॉपवॉचकडे बघत राहिला. माणूस वाईट नव्हता. त्याला स्वतःला या कॉलेजात कुस्तीनं आणलं होतं, आणि ती कुस्ती त्यानंच चार वर्षांपूर्वी आपल्या सहीनं बंद केली होती. त्यानंतर कुस्तीच्या जुन्या हॉलवरून जाणारा रस्ता त्यानं सोडला होता.

"तोवर कुणाला बोलू नकोस," तो उठताना म्हणाला. "देणगीदार बिथरतील."

"माझ्या मुलींशी काय बोलायचं ते तू मला शिकवू नकोस."

हे ती उगाच म्हणाली नव्हती. एरवी तिनं त्याच संध्याकाळी मुलींना काठावर बसवून सगळं सांगून टाकलं असतं, नोकरी गेली चुलीत. पण टेपर कालच सुरू झाला होता.

पोहणाऱ्यांचं वर्ष विचित्र असतं. ऑगस्टपासून आठवड्याला नऊ वेळा पाण्यात, तेही ओहायोच्या थंडीत उजाडायच्या आधी. खांदे इतके भरून येतात की केस विंचरायला हात वर जात नाही. मग फेब्रुवारीतल्या अजिंक्यपद स्पर्धेआधी साडेतीन आठवडे सराव हळूहळू उतरवत न्यायचा. शरीर विसावतं, हलकं होतं, आणि सहा महिन्यांची मेहनत त्या चार दिवसांत वर येते. याला टेपर म्हणतात. टेपरमध्ये जिना चढत नाहीत, पार्टीला जात नाहीत. लॉर्नानं यात स्वतःचा एक नियम घातला होता: वाईट बातमी बंद. दर जानेवारीत ती प्रत्येक मुलीच्या घरी पत्र पाठवी. आजी आजारी पडो, कुत्रं मरो, नवरा-बायकोचं फाटो, स्पर्धा संपेपर्यंत आमच्या कानावर येऊ देऊ नका. आईवडील हसत, पण पत्र फ्रिजला लावत आणि पाळत. दुसऱ्या कॉलेजांचे कोच तिची टिंगल करत, पण फेब्रुवारीत तिच्याच मुली सगळ्यांत जास्त सेकंद कापत. देव मानावा तसा ती टेपर मानत होती.

साडेतीन आठवड्यांनी काय बिघडतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं. विश्वस्तांच्या आधी, स्पर्धा संपल्यावर, मीच सांगेन.

काय बिघडतंय ते शुक्रवारी कळलं. फोन गेल ऑस्ट्रॅंडरचा होता. दोघी एकेकाळी एकाच रिलेत पोहलेल्या. गेल आता नेब्रास्कात कोच होती.

"अगं, तुमच्या तलावाबद्दल काय ऐकतेय मी?"

"लोकांना उद्योग नाहीत."

"बरं, नसेल खरं तर उत्तमच. पण ऐक. माझ्याकडे पुढच्या वर्षाची एक पूर्ण शिष्यवृत्ती उरलीय, बॅकस्ट्रोकसाठी. तुझी ती टेसा बिएलाक डोळे मिटून घेईन मी. बुडापेस्टची एक मुलगी थांबलीय, तिला सोमवारी हो-नाही सांगायचंय. तुझ्या पोरीला जायचं असेल तर आत्ताच सांग."

टेसा काचेपलीकडे पाण्यात उताणी पडून छताकडे बघत हळूहळू पाय मारत होती. तिसऱ्या वर्षाची. इथं अर्धी शिष्यवृत्ती, उरलेले पैसे घरून. सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं, आणि एकीला सांगितलं की रात्रीच्या जेवणापर्यंत बावीसही जणींना. टेपर पाण्यात गेला असता.

"ती कुठं जात नाही," लॉर्ना म्हणाली.

"नक्की?"

"नक्की गं."

फोन ठेवताना ती टेपरचाच विचार करत होती, असं ती पुढं बरेच दिवस म्हणत राहिली. ते अर्धंच खरं होतं. टेसाशिवाय रिले बुडली असती. आणि एक वेडी आशाही होती, की अजिंक्यपदाची ढाल जिंकून आणली तर विश्वस्तांना तलावाला हात लावायची लाज वाटेल. बावन्न वर्षांची बाई, हिशेबाच्या वहीला लाज नसते हे तिला कळायला हवं होतं.

स्पर्धा मात्र अशी झाली की विचारू नका. मुली पाण्यावरून सरकत होत्या. दोनशे यार्ड बॅकस्ट्रोकमध्ये टेसानं एक मिनिट सत्तावन्न सेकंद लावले, स्वतःच्या वेळेतून दोन सेकंद कापून पहिली आली. फलकाकडे वळून बघताना तिचा चष्मा कपाळावर आणि तोंड उघडंच राहिलं होतं. रिलेही जिंकली, ढालही आली. ड्वाइटनं फोनवर टाळ्या वाजवणारे दोन हात पाठवले. बस, तेवढंच.

रविवारी लॉर्नानं मुलींना तलावावर बोलावून सांगितलं. कुणी रडलं, कुणी ड्वाइटला शिव्या घातल्या. "तुम्हाला कधी कळलं?" असं एकीनं विचारलं, त्यावर लॉर्नानं खरी तारीख सांगितली. एक-दोघींनी तर मान डोलावली. टेपर होता ना, मग बरोबर.

त्याच रात्री टेसाच्या आईचा फोन आला. पुढचं वर्ष कसं होणार, एवढंच तिला विचारायचं होतं. पोहणं बंद झालं तरी कॉलेज तिची शिष्यवृत्ती पदवीपर्यंत चालू ठेवणार, हे लॉर्नानं सांगितलं.

"पण ती अर्धीच ना," बाई म्हणाली. "तिच्या बाबांना काच कारखान्यातून कमी केलं, कोच. तीस जानेवारीला. आम्ही तिला कालच सांगितलं. तुमचं पत्र होतं ना फ्रिजवर."

लॉर्नानं मनातल्या मनात तारीख मोजली. तीस जानेवारी म्हणजे गेलच्या फोनचा आदला दिवस.

सोमवारी सकाळी तिनं नेब्रास्काला फोन लावला. बुडापेस्टच्या मुलीनं सही करून तीन आठवडे झाले होते. मग तिनं ओळखीच्या अकरा कोचना फोन केले. सगळीकडे तीच ओढाताण. दोन ठिकाणी तर पोहणं बंद होण्याचीच कुजबुज होती. एकानं जागा देऊ केली, पैशाविना.

बुधवारी टेसा केबिनमध्ये आली. उभ्यानंच म्हणाली, "कोच, एक सांगायचं होतं. बाकीच्या काहीही म्हणोत, तुम्ही आधी सांगितलं नाहीत ते बरं झालं. कळलं असतं तर सत्तावन्न कधीच आले नसते. निदान एकदा तरी आले."

हे इथंच सोडता आलं असतं. गेल कुणाला सांगणार नव्हती. मुलगी आभार मानून निघून गेली असती, आणि लॉर्नाला तेवढ्यावर म्हातारपण काढता आलं असतं. तिला ते फार हवंसं वाटलं, इतकं की तिला स्वतःची किळस आली.

"बस," ती म्हणाली, आणि गेलचा फोन जसा आला तसा सांगितला. पूर्ण शिष्यवृत्ती. सोमवारची मुदत. आपण 'नक्की' म्हणालो तेही.

टेसा ऐकत राहिली. सकाळच्या पोहण्यातले चष्म्याच्या रबराचे वळ तिच्या गालावर अजून होते.

"बाबांचं आईला माहीत होतं," ती म्हणाली. "तलावाचं तुम्हाला. नेब्रास्काचंही तुम्हालाच. मी एकटीच साडेतीन आठवडे मजेत होते."

"चुकले मी, टेसा."

"हं."

"गेली असतीस का गं?" शब्द तोंडातून गेले आणि लॉर्नाला वाटलं, जीभ हासडावी.

"आता मला कसं कळणार ते?" टेसानं जाकिटाची चेन ओढली. "त्या हंगेरीच्या मुलीची वेळ काय आहे?"

लॉर्नानं ती शोधून पाहिली होती. सोमवारी, फोन ठेवल्या ठेवल्या.

"एक मिनिट एकोणसाठ पूर्णांक चार, यार्डांत मांडून."

"म्हणजे माझ्या मागे."

"दोन सेकंद मागे."

टेसानं मान हलवली. वाद नाही, रडणं नाही. निकाल वाचावा तशी. मग ती उठली आणि आईला फोन करायला बाहेर गेली.