अंगाला टेकवलेले माप

मी एक जुनी प्लास्टिकची पट्टी आहे, पंधरा सेंटिमीटरची. कंपासपेटीत राहायची स्वप्ने पाहत कारखान्यातून निघाले आणि पोचले दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत. स्पिरिटने पुसून पुसून माझे आकडे पुसट झाले आहेत. तरी मित्रांनो, मला ‘नुसती पट्टी’ म्हणू नका, मला राग येतो.

जखमेशेजारी मला ठेवून सिस्टर फोटो काढत. मग संगणकावर, फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये, जखमेच्या कडेने रेघ ओढत. रेघेच्या आत फोटोचे किती बारीक ठिपके, म्हणजे पिक्सेल, आले ते प्रोग्रॅम सांगे. माझ्या एका सेंटिमीटरवर किती ठिपके बसतात ते पाहिले, की जखम किती चौरस सेंटिमीटर ते कळे. डॉक्टर म्हणत, “पट्टी आहे म्हणून आकड्यावर विश्वास.” मी नुसती फुगून जाई.

एकदा एक शिंपीकाका आले. उभे आयुष्य मशीनचे पायडल मारण्यात गेलेले, आणि त्याच पावलावर न भरणारी जखम. सिस्टरांच्या हातात कॅमेरा होता, म्हणून मला काकांच्या लेकीने धरले. तिने मला पावलाला लावलेच नाही, चांगली चार बोटे वर धरली. कॅमेऱ्याजवळ गेल्यामुळे फोटोत मी होते त्याहून मोठी दिसले. मला कळत होते, पण मला तोंड कुठे आहे?

त्या दिवशी कागदावर आठ चौरस सेंटिमीटर लिहिले गेले. तीन आठवड्यांनी सिस्टरांनी मला नीट पावलावर ठेवले, तेव्हा आकडा आला दहा.

“काका, जखम वाढतेय,” डॉक्टर म्हणाले. “विष वर चढायच्या आत पाऊल काढावं लागेल. उद्या सकाळीच.”

“पण सर, वरून बरी दिसतेय हो,” सिस्टर चाचरत म्हणाल्या.

“दिसण्यावर जाऊ नका, आकडा बघा.”

लेक तोंडाला पदर लावून रडू लागली. माझ्या भरवशावर एका माणसाचा पाय जाणार होता! संमतीचा कागद समोर आला. काकांनी पेन उचलले आणि थांबले.

“सही करतो. पण ते दोन्ही फोटो एकदा दाखवा.”

फोटो शेजारी शेजारी लागले. बाहीची शिवण तपासावी तसे काका बघत राहिले.

“सिस्टर, माझ्या अंगठ्याचं नख दोन्हीकडे सारखंच दिसतंय. मग पट्टी पहिल्या फोटोत एवढी मोठी कशी? तीन आठवड्यांत आटली की काय?”

सिस्टर स्क्रीनकडे वाकल्या.

“त्या दिवशी मीच धरली होती,” लेक कशीबशी म्हणाली. “बाबांना टोचेल म्हणून जरा वर...”

“अगं, लहानपणापासून मला मापं घेताना बघतेस. फीत अंगाला टेकवल्याशिवाय कधी माप घेतलंय का मी?”

सिस्टरांनी मला काकांच्या नखाला टेकवले, नखाची रुंदी घेतली आणि तिच्यावरून पहिला फोटो पुन्हा मोजला. आकडा आला बारा; मी मोठी दिसल्यामुळे तेव्हा जखम लहान मोजली गेली होती. बारावरून दहा! जखम भरत होती. डॉक्टरांनी काकांच्या हातातला कागद काढून घेतला आणि फाडला. “फोटो न बघताच मी आकड्यावर गेलो,” एवढेच ते म्हणाले.

आता कागदी पट्ट्या आल्या आहेत आणि मी ड्रॉवरच्या तळाशी पडून असते. मला वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण मित्रांनो, माझ्यासारखी कुठलीही पट्टी हाती घ्याल तेव्हा ती जिथले माप तिथेच टेकवा. दुखेल म्हणून लांब धरू नका.

गेल्या आठवड्यात काका तपासणीला आले. ड्रॉवर बंद होता, मला दिसले काहीच नाही. पण फरशीवर चपला वाजत आल्या. दोन्ही.