आबांचे पासवर्ड

"आज हौशी टाकून बघ," आबा म्हणाले आणि स्टूल ओढून कॉम्प्युटरपुढं बसले.

"हौशी कोण?" प्रसेनजीतनं विचारलं.

"तुझ्या आईची शेळी. माहेरास्नं संगट आणल्याली. माझ्यापरीस तिच्यावरच जीव जास्त हुता."

प्रसेनजीतनं शेळीचं नाव टाइप केलं. पडदा दोन सेकंद गप्प राहिला. तेवढा वेळ आबा पुढं वाकून होते. मग नेहमीची ओळ उमटली. चावी चुकीची.

"न्हाय आबा."

"असू दे. फुडच्या ऐतवारी दुसरं आठवतो."

सिद्धार्थनगरातल्या त्या घरात दोन वर्षं हेच चाललं होतं. कुलूपबंद फाइलीत प्रसेनजीतच्या आईचा, सोनूबाईचा आवाज होता. २००२ साली एका रविवारी प्रसेनजीत आईला राजारामपुरीतलं आपलं ऑफिस दाखवायला घेऊन गेला आणि गंमत म्हणून तिच्यापुढं माइक धरला. लाजत-लाजत तिनं स्वतः रचलेल्या ओव्या अकरा मिनिटं म्हटल्या. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. तिचा आवाज दुसरीकडं कुठंच नव्हता.

आबांची समजूत होती, की आईनंच सुचवलेला पासवर्ड पोरगा विसरला. प्रसेनजीतला तर तो झोपेतही पाठ होता. खरी गोष्ट सांगायची लाज वाटत होती म्हणून तो गप्प बसला होता, आणि बिचारे आबा आठवडाभर बायकोला आठवत होते.

रेकॉर्डिंग झालं त्या दिवसांत तो फाइलींना कुलूप लावणारी लायब्ररी लिहीत होता, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांना वापरता येईल असा तयार कोड. पासवर्ड जसाच्या तसा चावी होत नसतो. त्यात कॉम्प्युटरनं सोडतीसारखे काढलेले सोळा आकडे मिसळायचे आणि ते मिश्रण हजारो वेळा घुसळायचं, तेव्हा कुठं चावी निघते. घुसळण मुद्दाम लांबवायची, म्हणजे अंदाज करत बसणारा चोर कंटाळतो. त्या दोन सेकंदांच्या उशिराचा प्रसेनजीतला फार अभिमान होता.

चाचणीला मोठी फाइल हवी होती, आईची हाताशी होती. मूळ फाइल शेजारी ठेवून कुलपाची परीक्षा घेणं त्याला कमरेला डबा बांधून पोहल्यासारखं वाटलं. त्यानं मूळ पुसून टाकली. शहाणाच तो! आठवडाभर कुलूप झकास उघडत-लागत होतं. मग व्हायरस आला, मशीन फॉरमॅट करावं लागलं. कुलूपबंद फाइल त्यानं आठवणीनं सीडीवर घेतली. सोळा आकडे मात्र दुसऱ्या फोल्डरमध्ये होते. ते गेले.

पुढच्या रविवारी आबा आले, पण स्टुलावर बसले नाहीत. खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

"ह्ये कुणाला सांगू नगंस. लग्न झालं तवा आमची वळख न्हवती. ती मला पावणं म्हणाली. मग चाळीस वरसं, दुसरं कोण नसलं की पावणंच म्हणायची. ते टाक."

प्रसेनजीतचे हात कीबोर्डवर चालेनात. त्याला रडू फुटलं. "आबा, पासवर्ड मला ठावं हाय. पयल्यापासनं."

त्यानं सगळं सांगितलं. आबा वळून ऐकत राहिले.

"म्हंजे तिखट तेच, पर घरोघरची चटणी येगळी. आन् तू मसाल्याचं मापच हरवलंस."

"व्हय."

"ते आकडं हुडकता येत न्हाईत?"

"साऱ्या जगातली कॉम्प्युटरं जुपली तरी न्हाय."

"मग मला दोन वरसं कशापायी बोलतं ठेवलंस?"

"तुमी तिच्याबद्दल सांगत हुता. मला ऐकायचं हुतं."

 आबा येऊन स्टुलावर बसले.

"ती हाय का पर त्यात?"

"हाय की. पर सगळी भुकटी झाल्यागत. गाण्यासारखं लावलं तर नुसती खरखर येईल. अकरा मिनिटं. तिनं म्हटलं तेवढीच."

"लाव."

प्रसेनजीतनं लावलं. स्पीकरमधून एकसारखी, दाट खरखर सुरू झाली. तिला ना सूर होता ना थांबा.

"आबा, ह्यातनं काय ऐकू यायचं न्हाय."

"गप बस. तीस वरसं कबनूरला कापडाचा माग चालवलाय मी. त्या खडखडाटात शेजारच्या मागावरचा माणूस काय बोलतोय, समदं कळायचं मला."

त्यांनी कानामागं हात धरला आणि डोळे मिटले. मध्येच एकदा त्यांची मान किंचित हलली. प्रसेनजीतला विचारायचं धाडस झालं नाही.

अकरा मिनिटांनी खरखर थांबली. आबांचा हात कानामागंच होता.