रुपीची झोप

जव्हारमधल्या निम्म्या नवरदेवांना आमच्या रुपीनं मांडवापर्यंत नेलंय. बावीस वर्षांची घोडी. दोन वर्षांपूर्वी तिचे मागचे पाय आखडले, तशा वराती बंद झाल्या. आमचे हे, श्रीकृष्णराव, तिला गोठ्यात बांधून आराम देत होते. आणि मी, पुष्पावती, येईल-जाईल त्याला कौतुकानं सांगत होते, "पाय दुखतात, पण बाई कधी बसली नाही हो! रात्रंदिवस उभी!" आमच्या घरात शिकवणच तशी. घोडी बसली म्हणजे आजारी. बसलेली दिसली की उठवायची.

दिवाळीनंतर तिच्या पुढच्या घोट्यांवर जखमा दिसायला लागल्या. रोज ताज्या. मी ह्यांच्यावर डाफरले, "दोर आखूड बांधता, मग ती भिंतीला घासते! नुसता जीव लावून भागतं का?"  शेवटी गुरांच्या डॉक्टरीणबाईंना, मंजुषाला, बोलावलं.

तिनं मागचा पाय हळूच उचलून बघितला, तशी रुपी अंगभर थरथरली. मग घोट्यांच्या जखमा पाहून मंजुषानं मला विचारलं, "काकू, ही झोपते कधी?"

"उभ्यानंच की. घोडी आहे."

"उभ्यानं डुलकी होते, काकू. गाढ झोपेला घोड्याला आडवंच व्हावं लागतं, रोज थोडा वेळ तरी. हिचे सांधे झिजलेत. बसलं तर उठता येणार नाही, अशी भीती आहे हिला. मग उभ्या उभ्या झोप अनावर होते, पुढचे पाय दुमडतात आणि ही घोट्यांवर आपटते."

 किती महिने झोपली नव्हती माझी बाई, आणि मी त्याची फुशारकी मारत होते! लाज वाटली मला, खरंच सांगते.

बांधून ठेवणंही चूकच होतं म्हणे. एका जागी उभं राहून सांधे आणखी धरतात. दोर सुटला. सकाळ-संध्याकाळ हे तिला मातीच्या वाटेवरून हळूहळू फिरवायचे, चढ टाळून. खूर वेळच्या वेळी कापून घेतले. कोंड्यातून दुखण्याची पावडर, वर गरम पाण्याचा शेक. साखरशेतचा शेतकरी ढवळू गाडीभर पेंढा टाकून गेला, त्याची मी गुडघाभर गादी केली. रुपी तिथे यायची, हुंगायची, गोल फिरायची, पाय दुमडायला बघायची आणि थांबायची. महिनाभर हेच. "बस गं राणी, आम्ही आहोत ना," मी म्हणायचे. काय आहोत आम्ही? दोन म्हातारी माणसं. एवढं धूड कोण उचलणार होतं?

माघातल्या एका दुपारी ती बसली. धपकन, कण्हत. मग मान टाकून आडवी झाली आणि दोन मिनिटांत घोरायला लागली. मी तोंडात पदर धरून रडले.

पाऊण तासानं हे म्हणाले, "पुष्पा, उठवू या. डॉक्टरीण म्हणाली होती, याहून जास्त नको, अंगाखालचा पाय बधिर होईल."

"थांबा हो जरा. बघा तरी, कशी झोपलीय."

"अगं, पण..."

"झोपू द्या म्हणते ना! हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे."

ऐकलं ह्यांनी. एरवी कधी ऐकत नाहीत. दीड तास झोपली रुपी.

जाग आली तशी तिनं पुढचे पाय टेकले, जोर केला. मागचं अंग हललंच नाही. पुन्हा केला, पुन्हा तेच. गल्लीतली आठ माणसं धावली, पोटाखालून पट्टे घालून उचललं. क्षणभर उभी राहिली आणि कोसळली. संध्याकाळपर्यंत तीनदा उचललं, तीनदा पडली. चौथ्या वेळी तिनं पाय टेकलेच नाहीत.

मंजुषानं तपासलं. "आता नुसते हाल होतील, काका."

ह्यांनी रुपीच्या कपाळावर हात ठेवला. "द्या इंजेक्शन," म्हणाले. तिची मान माझ्या मांडीवर होती.

हे मला एका शब्दानं बोलले नाहीत. शेजारीण मात्र बोललीच, "वेळेवर उठवली असती तर वाचली असती." असती. मला काय कळत नाही? रोज मी मनानं त्या दुपारपाशी जाते. हे म्हणतात उठवू या, आणि मी तिच्या मिटल्या डोळ्यांकडे बघते. अजून एकदाही माझ्यानं तिला उठवलं गेलेलं नाही.