लाकडाचं औषध

आमचे मियाँ शमशेर मिरजेत तंबोरे घडवतात, पण त्यांची अक्कल ऐका! हाताला इसब, खाजवून खाजवून कातडं सोललेलं, आणि ह्या माणसानं त्यावर तंबोऱ्याचं लाखेचं पॉलिश फासलं! "यानं लाकडाला कीड लागत न्हाई, मग हाताला कशी लागंल?" म्हणे.

"आवं, तुमी काय लाकूड हाय का?" मी ओरडले. ऐकतंय कोण! हात भोपळ्यागत सुजला, पू झाला, ताप भरला. डॉक्टर तर माझ्यावरताण ओरडले, "फाटल्या कातडीतूनच जंतू शिरतात! आता रबरी हातमोज्यांशिवाय पॉलिशला शिवायचं नाही!"

आज पट्टी सुटली. घरात शिरताच त्यांनी फक्त पॉलिश राहिलेला तंबोरा मांडीवर घेतला, सूर घुमावा म्हणून तारेखाली दोरा सरकवला आणि बोट फिरवलं. या अल्ला! अख्खी खोली घुमली! शेजारीपाजारी दारात गोळा झाले. मला तर काय करू नि काय नको असं झालं.

"पॉलिश आज मीच मारते!" म्हणत मी डबा उघडला आणि फडकं बुडवायला हात घातला.

"थांब, येडे!" ते गल्लीभर ऐकू जाईल असे गरजले. "आधी हातमोजे! तू काय लाकूड हायस?"