योशिनोचा गोळा

लाउडस्पीकरवरची बाई आतषबाजीचा अठ्ठाविसावा गोळा पुकारत होती आणि तोकुजीच्या तळहातांना घाम सुटला होता. योशिनोचा गोळा एकतिसावा होता.

नदीच्या बांधावर निळी ताडपत्री अंथरून घरचे सगळे बसले होते. मुलगा हारुओ आणि सून मिनाको उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी शहरातून आले होते. दहा वर्षांची नात चिहो कलिंगडाच्या बिया थुंकून कुठवर जातात ते बघत होती. तोकुजी मात्र तिपाईवरच्या कॅमेऱ्याला चिकटून उभा होता.

"बाबा, पाचव्यांदा हलवलीत ती तिपाई," हारुओ म्हणाला. "नदी पळून नाही जायची."

"वारा फिरलाय. धूर इकडे आला तर?"

"मग मी फोनवर घेऊन ठेवतो ना एक. असू दे जोडीला."

"फोनात काय डोंबल येणार! पांढरा डाग येतो नुसता." तोकुजी एरवी कुणाला असं तोडून बोलत नसे. "तुम्ही तिघं नीट हात जोडा. ती गेल्यानंतरचा पहिलाच सण आहे हा. फोटोचं मी बघतो."

त्या गावात पितर घरी येण्याच्या दिवसांत हे गोळे उडत. कुणी नातवाच्या जन्माचा उडवी, कुणी लग्नाचा, तेव्हा बांधावर टाळ्या आणि आरोळ्या. पण गेलेल्या माणसाचं नाव पुकारलं की सगळा बांध गप्प होई, माणसं हात जोडून मान खाली घालत, गोळा विझेपर्यंत. कॅमेरेवालेही. चाळीस वर्षं तोकुजी इथे फोटो काढत होता, पण त्याच्या फोटोंच्या एकाही वहीत मेलेल्या माणसाचा गोळा नव्हता. आज पहिल्यांदा तो रीत मोडणार होता, तीही फुसाएसाठी.

फुसाए, त्याची बायको, टेकडीपलीकडच्या इस्पितळात होती. उद्या सकाळी नऊला तिच्या हृदयाचं ऑपरेशन. डॉक्टर पुष्कळ बोलले होते, पण 'नक्की' हा शब्द त्यांनी एकदाही वापरला नव्हता. हिवाळ्यात त्यांची मुलगी योशिनो गेली, आणि बर्फ वितळताच फुसाए धापा टाकत गोळेवाल्याच्या कारखान्यात स्वतः जाऊन गोळा सांगून आली होती. आधी पिवळा फुलायचा, मग सगळाच्या सगळा निळा व्हायचा. योशिनोचा उन्हाळी किमोनो पिवळा होता आणि पट्टा निळा. तसा गोळा त्या गावात कुणी कधी उडवला नव्हता.

"मला आत नेतील त्याआधी तो दाखवा," ती म्हणाली होती. "फुलंबिलं आणू नका. तेवढा दाखवा, मग नेऊ देत कुठं न्यायचं ते."

तिसावा विझला. तोकुजीने डाव्या हातात काळा पुठ्ठा धरला, उजव्यात बटणाची तार. गोळा वर चढताना बटण दाबून धरायचं, फुलेपर्यंत पुठ्ठा भिंगापुढे ठेवायचा, फुलला की बाजूला घ्यायचा. झोपेतही जमलं असतं.

"एकतिसावा," बाई म्हणाली. तिचा आवाज खाली आला. "कुमारी योशिनो, वय चौतीस, हिच्या पहिल्या सणानिमित्त. योशिनो, वाट चुकू नकोस. आई-बाबा."

बांध गप्प झाला. खालून शीळ घालत काहीतरी वर निघालं.

गोळा फुटल्याची धडक छातीवर बसली तेव्हा तोकुजीचे डोळे मिटलेले होते. मान खाली होती. दोन्ही तळहात एकमेकांना घट्ट चिकटलेले होते.

डोळे उघडले तर वर नुसता धूर. पुठ्ठा पायाशी पडला होता, तार हवेत झुलत होती.

"आजोबा, आला?" चिहोने विचारलं.

 हारुओ उठून जवळ आला आणि कॅमेऱ्याचा रिकामा पडदा बघून म्हणाला, "बाबा..."

"तू घेतलास ना? फोनवर? चोरून?"

"तुम्हीच म्हणालात हात जोडा."

तोकुजी बांधावरून धावत सुटला. शेजाऱ्याशी हवापाण्याचं बोलायचं तरी तीनदा विचार करणारा माणूस, तो आता अनोळखी लोकांच्या ताडपत्र्या तुडवत विचारत होता, "एकतिसावा घेतला का कुणी? पिवळा, मग निळा?"

"काय आजोबा!" तिपायांच्या रांगेतला एकजण दुखावून म्हणाला. "आम्ही काय इतके निलाजरे वाटलो?"

समितीच्या मांडवातल्या माणसाने खुर्ची दिली, पाणी दिलं. "गेलेल्यांच्या वेळी आमचा कॅमेरा बंदच असतो हो. तुम्हाला माहीत नाही होय? तुम्ही तर इथलेच."

शेवटी शहरातून आलेली एक पोरगी दिसली, फोन वर धरलेली. त्याने तिची बाहीच धरली.

"मी काढणार होते," ती घाबरून म्हणाली. "पण सगळे खाली वाकले. मला लाज वाटली, मग मीही..."

तो परतला तेव्हा कार्यक्रम संपला होता. मिनाको ताडपत्री घडी करत होती. "कारखानेवाल्याकडे दुसरा असेल?" तिने हळूच विचारलं. हारुओ म्हणाला, तसा एकच केला होता.

"आजोबा, दुसऱ्या गोळ्याचा रंग मी फोनवर बदलून देते," चिहो म्हणाली. "आजीला काय कळणार?"

घरी येईपर्यंत तोकुजी त्यावर विचार करत होता, याची त्याला नंतर फार शरम वाटली.

सकाळी साडेआठला फुसाए चाकांच्या खाटेवर होती. तिने हात पुढे केला. "आणा."

"नाही आला."

"धूर होता?"

"नाही. मी हात जोडले. सगळ्यांनीच जोडले. अख्ख्या बांधावर कुणाकडेच नाही, मी विचारलं सगळ्यांना."

"तुम्ही? विचारलंत?" तिने पुढे केलेला हात चादरीवर ठेवला. मग म्हणाली, "बरं, दिसला कसा ते तरी सांगा."

"डोळे मिटले होते गं."

"अहो, मग केलंत काय तुम्ही तिथे!" तिचा आवाज फाटला. नर्सने खाटेच्या चाकांचा ब्रेक काढला.

खाटेबरोबर चालता चालता तोकुजी धडपडत बोलू लागला. "पापण्यांतून आलं. आधी पिवळं. मग... मग निळं. सगळंच्या सगळं."

"निळं खरंच आलं?"

 निळं आलं होतं, की येणार हे ठाऊक होतं म्हणून आल्यासारखं वाटलं होतं? रात्रभर त्याने डोळे मिटून पाहिलं होतं आणि रात्रभर उत्तर बदलत राहिलं होतं.

"आलं," तो म्हणाला.

"किती वेळ?"

"मी डोळे उघडेपर्यंत."

"कशाला उघडलेत मग," ती म्हणाली आणि तिने आपले मिटले. लिफ्टचं दार उघडलं. तिचे हात चादरीवर एकमेकांना शोधत होते, पण एकात सुई होती, ते जुळेनात. तोकुजीने वाकून तिचा मोकळा तळहात आपल्या तळहाताशी जोडला. नर्स म्हणाली, "आजोबा, आता सोडा." त्याने सोडला नाही. नर्स पुन्हा म्हणाली.